वाकडा सात

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून आईला काही झालं की काय म्हणून घाबरशील, तर आधीच सांगतो, आई ठणठणीत आहे. तुझ्या खोलीत तिने शिलाई मशीन मांडलंय आणि सुई हरवली तरी खापर तुझ्यावरच फोडते. घर सोडून दोन वर्षं झाली, तरी तुझी काही सुटका नाही.

सरकारी बेकरीत माझं काम तेच, पावाचे पत्र्याचे साचे बनवायचे आणि पोचे काढायचे. आठवतं, प्रत्येक साच्याच्या बुडाशी मी माझा सतरा नंबर ठोकायचो? सहा वर्षांची असताना हट्ट करून एकावरचा सात तू ठोकलास, तोही वाकडा. तो साचा मी गुपचूप घरी आणला. आई त्यात बटणं ठेवायची.

आता जे सांगायला धीर होत नव्हता ते सांगतो. देश चालवणाऱ्या आपल्या साहेबांच्या राज्यात पावाचा भाव एका पैशाने वाढला नाही, असं रेडिओ रोज सांगायचा. तू शाळेत मुलांना म्हणालीस, भाव तोच, पण पाव लहान झालाय. तेवढ्यावरून तुझी नोकरी गेली. त्या दिवशी जेवताना मी हसून म्हणालो, पाव तेवढाच आहे, तूच मोठी झालीस. भिंगरे, वरून हुकूम आला होता. प्रत्येक नव्या साच्यात बोटभर उंच दुसरा तळ मीच बसवला होता, आणि कुणी ताडून पाहू नये म्हणून जुने सगळे साचे वितळवलेही मीच. तू ताटावरून उठलीस ती गेलीसच.

गेल्या मंगळवारी पावाच्या रांगेत एक म्हातारी तेच बोलली, पाव लहान झालाय. शिपायाने तिला वेडी म्हणून बाहेर ओढलं, तर ती तुझ्यासारखीच हनुवटी वर करून उभी राहिली. मला राहवलं नाही. तडक घरी आलो. मी साच्याला हात घातला तशी आईने बटणं ओंजळीने टेबलावर ओतली. परत जाऊन सगळ्यांदेखत ताजा पाव त्या जुन्या साच्यात ठेवला. वर बोटभर जागा उरली. साचा हातोहात रांगेच्या शेवटापर्यंत गेला. लोक अर्धपोटी राहत होते गं, तेही सोसत होते. पण तुमचं पोट भरलेलंच आहे, हे रोज ऐकून घेणं त्यांच्या डोक्यात गेलं होतं. संध्याकाळपर्यंत चौक भरला. आता रोज भरतो, आणि सगळ्यांच्या पुढे काठीवर तुझा वाकडा सात असतो.

नंबरावरून मी सापडणारच होतो. उद्या सकाळी कचेरीत बोलावलंय. तो साचा बनावट आहे असं लिहून दिलं तर घरी सोडतील. मी देणार नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण तिथे खरं सांगायचं तर आधी तुला सांगायला हवं होतं. पाव लहान झाला होता, पोरी. तुझंच बरोबर होतं.

तुझाच,
सतरा नंबरवाला बाबा