सरावाच्या फेरीसह

दिनांक २१ मार्च १९८७, शनिवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. गाडीच्या चार चाकांचे सोळा नट दोनदा आवळून, हात आधी रॉकेलने आणि मग साबणाने धुऊन, शेडमधल्या बाकावर हे लिहायला बसलो आहे.

मी, रघुनाथ शिवा शितप, वय वर्षे २६, शिक्षण सातवी पास, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार मिरजोळे, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. सोळा नट मोजताना एकदाही चुकलो नाही, त्यावरून माझे डोके ठिकाणावर आहे असे समजावे.

दिनांक २२ नोव्हेंबर १९८६ रोजी केलेले माझे पहिले मृत्युपत्र याद्वारे रद्द करतो. त्यात तीन ठिकाणी खाडाखोड आहे आणि शेवटी आईची क्षमा मागितली आहे. आता तशी गरज राहिलेली नाही.

मृत्युपत्राचे कारण. मुंबईचा एक मोटार क्लब आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या रिकाम्या गोल रस्त्यावर, कारखान्यांना सुट्टी असेल अशा रविवारी, वेगाच्या फेऱ्या घेतो. आपली गाडी आपण आणायची. एका वेळी एकच गाडी सुटते, शर्यत घड्याळाशी असते. उद्या दुसरी खेप आहे. माझ्या विम्यात गाडीची भरपाई आहे, चालकाच्या जिवाबद्दल एक शब्दही नाही. मी तो कागद नऊ वेळा वाचला आहे.

कलम १. फियाट गाडी, मॉडेल १९६४. पावसच्या एका डॉक्टरांकडून ती बंद अवस्थेत अकरा हजारांना घेतली. त्यातले नऊ हजार माझी थोरली बहीण राही हिचे. मासळीच्या कारखान्यात सहा वर्षे बर्फात हात घालून तिने ते साठवले होते. दोन हजार माझे, आणि पुढची तीन वर्षांची मेहनत माझी. आर.सी. बुकात मात्र नाव माझ्या एकट्याचे आहे. म्हणून येथे स्पष्ट लिहितो, की अर्धी गाडी पहिल्या दिवसापासून राहीताईची आहे, आणि माझ्या पश्चात उरलेली अर्धीही तिचीच. कोणी चुलत्या-पुतण्याने मध्ये येऊ नये.

कलम २. विम्याचे कागद. हे पत्र्याच्या पेटीत, वरच्या कप्प्यात आहेत. यांची किंमत गाडीइतकीच धरावी. कारण सांगतो.

क्लबचे पत्रक आले तेव्हा राहीताई म्हणाली, "घाल शर्यतीत. पण माझे नऊ हजार दर्यात घालू नको म्हंजे झालं." मी पॉलिसी काढली आणि डिक्शनरी घेऊन वाचायला बसलो. दोन रात्रींनंतर ती ओळ सापडली. शर्यत किंवा वेगाची चाचणी यासाठी गाडी वापरली तर कंपनी जबाबदार नाही. शर्यतीत नाव दिलेल्या बाकी अकरा गाडीवाल्यांना विचारले. त्यांच्याकडेही हीच ओळ होती, कोणी वाचली नव्हती.

विमा ऑफिसातले साहेब हसले. "गाडी शर्यतीत घालणार आणि वर विमा मागणार?"

"होय साहेब. नुसती उभी करून ठेवली तर विमा कशाला?"

"अहो, आजपर्यंत असं कोणी मागितलेलं नाही."

"मग माझ्यापासून सुरू करा."

सात वेळा गेलो. दोनदा कोल्हापूरच्या ऑफिसात गेलो. शेवटी जोडपत्र मिळाले, म्हणजे पॉलिसीला जोडायचा, एका दिवसापुरती शर्यत विम्यात धरणारा कागद. नुकसानीतले पहिले हजार माझे, वरचे कंपनीचे.

आता याच्या मधली गोष्ट. जोडपत्राचा मसुदा हातात असताना गावचे काशीरामबाबा देवळात माझ्यासाठी गाऱ्हाणे घालत होते. नारळ पुढे ठेवून ते म्हणाले, "बा देवा म्हाराजा, तुझं लेकरू गाडी घेऊन शर्यतीला जातंय, त्याची राखण कर म्हाराजा."

सगळे म्हणाले, "होय म्हाराजा."

मी म्हणालो, "बाबा, सराव पण घाला. शर्यतीच्या आधी एक फेरी सरावाची असते."

"राखण कर म्हटलं की आलं सगळं त्यात, रघ्या."

"गुरांचं गाऱ्हाणं घालता तेव्हा पाणंद वेगळी सांगता, पऱ्याचं पाणी वेगळं सांगता, सडा वेगळा सांगता. मग हे का नाही?"

बाबांनी जरा विचार केला आणि परत हात जोडले. "आनी सरावाच्या फेरीला म्हाराजा." देवळातून निघून मी मसुदा उघडला. त्यात सराव नव्हता. तसाच विमा ऑफिसात गेलो. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण तिसऱ्या ओळीत लिहून शिक्का मारला, "सरावाच्या फेरीसह."

२३ नोव्हेंबरला, सरावाच्याच फेरीत, दुसऱ्या वळणावर बारीक खडीवरून गाडी सरकली आणि रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या ढिगावर गेली. डावा मडगार्ड, दिवा, रेडिएटर, पुढचा अ‍ॅक्सल. मला खरचटलेसुद्धा नाही.

दोरीपलीकडून माझे जुने मालक धोंडूशेठ ओरडले, "गेले भयनीचे पैसे! अजून शर्यत सुरू पण नाय झाली, मेल्या! आता बस कागद चाटत!"

राहीताई दोरीखालून वाकून आत आली. तिने गाडीकडे पाहिले आणि मला एवढेच विचारले, "कागदात सराव हाय?"

"हाय. तिसरी ओळ."

"मग उतर खाली. चहा घे."

सर्व्हेअर आले, टेप लावून सगळे मोजून गेले. साहेबांनी तिसरी ओळ दोनदा वाचली आणि उभे राहून माझ्याशी हात मिळवला. १४ जानेवारीला चेक आला. माझा हजार वजा करून उरलेले सगळे पैसे, एक रुपया कमी नाही.

कलम ३. चेक मी राहीताईच्या हातात ठेवला. तो तिने मला परत दिला. "दुरुस्त कर आनी मला शिकव," म्हणाली. महिनाभर रोज सकाळी सड्यावर, गावावरच्या मोकळ्या कातळमाळावर, शिकवले. ती गिअर माझ्यापेक्षा हलक्या हाताने टाकते, हे मी शपथेवर सांगतो. फेब्रुवारीत तिचे पक्के लायसन झाले. उद्या तीही फेरी घेणार, म्हणून नव्या जोडपत्रात तिचे नाव वाढवायला गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "बाईचं नाव?" मी म्हणालो, "फॉर्मात चालकाचं नाव विचारलंय साहेब. बाई की बुवा, असा रकाना नाही." त्यांनी लिहिले.

तिलाही मृत्युपत्र करायला सांगितले. ती म्हणाली, "तुझंच दोघांना पुरंल."

कलम ४. हत्यारे. पान्यांचा मोठा सेट, जॅक व वेल्डिंगचा चष्मा राहीताईला. शेड आईच्या, म्हणजे जनी शिवा शितप हिच्या जागेत आहे, ती तिचीच राहील. पोस्टातले सहाशे चाळीस रुपये आईला. ते तिने माझ्या दिवसांवर खर्च करू नयेत, घरावर नवीन कौले घालावीत.

कलम ५. धोंडूशेठ यांना जोडपत्राची झेरॉक्स, फ्रेम करून. त्यांच्या गॅरेजात मी पाच वर्षे काम केले आणि ते मला "कागदी मेस्त्री" म्हणत. फ्रेम गल्ल्याच्या वर लावावी. तिसरी ओळ मी लाल पेन्सिलीने अधोरेखित केली आहे. गेल्या आठवड्यात तेच त्यांच्या गाडीचे जोडपत्र कसे काढायचे विचारायला आले होते. मी सांगितले. चहाही पाजला. तरी फ्रेम द्यावीच.

कलम ६. माझे काही झाल्यास काशीरामबाबांनी गाऱ्हाणे घालावे आणि त्यात काहीही गाळू नये.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.

रघुनाथ शिवा शितप

साक्षीदार: काशीराम गोविंद गोताड, सही. सोनूबाई लक्ष्मण धनावडे, शेजारी, डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम मिरजोळे, २१ मार्च १९८७.

सोबतचा हिशेब

पहिल्या जोडपत्राचा जादा हप्ता: ३४० रुपये
कोल्हापूरच्या दोन खेपा, एस.टी.: ८४
क्लबची फी, दोन वेळची: २००
गाडीची दुरुस्ती: ६,४८०
नारळ, दोन: ८
उद्याच्या जोडपत्राचा हप्ता: ३४०
दुसऱ्या चालकाचे नाव वाढवण्याचा हप्ता, राही शिवा शितप: ८५
एकूण खर्च: ७,५३७
विमा कंपनीकडून जमा: ५,४८०
पदरचे गेले: २,०५७

देणे: धोंडूशेठ, रेडिएटरला डाख लावल्याचे ६० रुपये. सोमवारी देणार.

देणे: राहीताई, नऊ हजार, असे लिहीत होतो. तिने माझ्या हातातून पेन काढून घेतले, ओळ खोडली आणि बाजूला स्वतःची सही केली. म्हणाली, "देनं कसलं? अर्धी गाडी हाय माझी. उद्या तुझ्यापेक्षा दोन सेकंद आधी येनार मी, ते लिही."

लिहिले.