मेघगडापर्यंतचे चार मुक्काम

मी, लालासाहेब ज्ञानदेव शेडगे, वय एकोणऐंशी, राहणार कोरेगाव, जि. सातारा, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. राजकारणातल्या विरोधकांना याबद्दल पन्नास वर्षे शंका आहे; ती त्यांनी पुढेही बाळगावी. हृदयाचा भरवसा मात्र डॉक्टरांनी सोडला आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर व पुस्तके मुलगी क्रांती हिला. पुस्तके वाचावीत, नुसती पुसू नयेत.

२. मोटारगाडी पुतण्या वीरधवल यास. कारण सांगतो. दर रविवारी माझ्या ओसरीवर आम्ही पाच जण नकाशा मांडून खेळतो. प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, काय करणार ते बोलायचे, अडेल तिथे फासे टाकायचे. मी सूत्रधार. आजारी राजकन्येचे औषध घेऊन मंडळी बारा दिवसांच्या वाटेने मेघगडाला निघाली आहेत. वीरधवल शिरवळच्या कारखान्यातून महामार्गाने येतो. त्याला वाट म्हणजे टोलनाका. पहिल्याच रविवारी म्हणाला, "काका, बारा दिवस झालं म्हणा आन् गडाच्या दारात उभं करा की!" अशा माणसाला गाडीच शोभते.

३. माझाही गुन्हा नोंदवतो. वाट रंगवायला गेलो आणि सवयीने भाषण केले. एका खिंडीवर चाळीस मिनिटे. आमच्यातले नानासो घोरू लागले. तेव्हा हरणाबाई कोळेकर, आटपाडीकडच्या, निम्मे आयुष्य मेंढरांमागे चाललेल्या, म्हणाल्या, "आवं लालासाब, समदी वाट तुमीच बोलताय. आमी चालायचं कवा?"

सभांत दगड खाल्ले, पण इतका नेमका एकही बसला नव्हता.

मग त्यांनीच शिकवले, आणि खेळातल्या मंडळींसोबत कळपही चालू लागला. पुढे कोण, मागे कोकरांपाशी कोण, हे सकाळी ठरते. दिवसाला पेच एकच: ओढ्याकाठी पाणी आहे, पण लांडगाही आहे, वरच्या रानात शेतकरी खतासाठी कळप बसवून घेईल, जेवू घालील, पण पाणी नाही. "बसायचं कुठं, बोला," एवढे म्हणून सूत्रधाराने गप्प राहायचे. गप्प राहणे मला सत्तरी ओलांडल्यावर जमले. त्या दिवशी भांडणात चहा गार झाला. वीरधवलच ओरडत होता, "वरचं रान लय लांब हाय, औषध नासंल!"

४. सबब नकाशा, फासे व सूत्रधारपद हरणाबाईंना. गड अजून चार मुक्काम दूर आहे. राजकन्या वाचते की नाही, हे मी ठरवलेले नाही. ते वाटेत ठरेल. मी गेल्याच्या दुःखाच्या नावाखाली कोणी हे मुक्काम गाळू नयेत.

५. माझ्या अस्थी वीरधवलने माहुलीच्या संगमावर न्याव्यात. चालत. हरणाबाई सोबत असतील. गाडीची किल्ली त्याला तिथून परतल्यावरच मिळेल. शोकसभा नको; बोलायचे ते मी बोलून बसलो आहे.

हे सर्व वाचून दाखवल्यावर वीरधवलने पाचवे कलम पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाला, "काका, पहाटंच निघायचं का? आन् वाटंत पाणी कुठं लागतंय?"

मी उत्तर दिलेले नाही, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

सही: लालासाहेब ज्ञानदेव शेडगे
साक्षीदार: १) नानासो जाधव (या वेळी जागे) २) बाळासो माने
कोरेगाव, रविवार, ९ मार्च २०२५