दुकान सुनेला, बंदी मुलाला

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, नवऱ्याच्या मागे एकटीने दुकान चालवलेली बाई, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे वकिलांकडून लिहून घेते. आजार अंगाचा आहे. डोकं जागेवर आहे, डॉक्टरांना विचारा.

१. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टार्जित असून त्या सुनेला पूर्ण मालकीने मिळाव्यात. विकावं, भाड्याने द्यावं, तिची मर्जी. खाली लिहिलेल्या मुलाच्या राहण्याच्या हक्काशिवाय दुसरी अट घालत नाही. एकाला बंदी घालून पाहिली, जीव नको झाला.

२. एकुलता एक मुलगा, दुकानातला कटर, याला माझी मोठी कात्री आणि त्या वरच्या खोल्यांत मरेपर्यंत राहण्याचा हक्क. राहण्याचा, गहाण टाकण्याचा नाही.

कारण सांगते, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीने पोटच्या पोराला डावललं. त्याला पत्त्यांच्या क्लबचा नाद लागला. म्हणायचा, "दारू पीत नाही, चोरी करत नाही. माझ्या घामाचा पैसा आहे. अडवणारं सरकार कोण आणि तू तरी कोण?" खोटं कशाला सांगू, मला ते पटायचं. मिसरूड फुटलेल्या माणसाला आईने काय म्हणून अडवावं? मग त्याने गिऱ्हाइकांची कापडं विकली. त्यात एका मुलीच्या लग्नाचंही कापड गेलं. तिची आई दुकानात बसून रडली, आणि पोराची ती घामाची भाषा मला पुढे ऐकवेना.

अमक्याला क्लबात घेऊ नये, असा अर्ज घरच्यांना कायद्याने करता येतो. मी केला. त्याला फोटो लागतो. माझ्याकडे त्याचा एकट्याचा नव्हता, म्हणून लग्नातल्या फोटोतून सुनेला कापून काढलं आणि तो दिला. कोटातला नवरदेव क्लबच्या दारावरच्या चौकीत लागला, आणि येणारे-जाणारे फिदीफिदी हसले. अगं बाई, आयुष्यभर कापडं बेतली, आणि तेव्हा कात्री चालवताना अक्कल कुठे गेली होती! बंदीचा मला पस्तावा नाही. फोटोचा आहे. त्या हसण्यापायी तो घर सोडून गेला.

३. क्लबमालकाचा कोट अर्धवट शिवून पडला आहे. तो बाह्यांशिवाय परत द्यावा. शिलाई माफ.

४. अर्ज करणारा मेला की बंदी उठते. पुन्हा अर्ज करावा की नाही, हे सुनेने ठरवावं. तिला कोणी गळ घालू नये. मीही घालत नाही.

५. परवा मुलाने क्लबच्या चौकीदाराबरोबर निरोप धाडला, "आईला म्हणावं अर्ज मागे घे, त्याच दिवशी घरी येतो." चौकीदार म्हणाला, "काकू, घ्या ना मागे. आता राहिलेत किती दिवस?" तोंडाचा फटकळ, पण खरं बोलला.

मला माझ्या पोराला बघायचं आहे. फार बघायचं आहे. जिना वाजला की मान वळते. अर्ज मागे घ्यायच्या कागदावर सही केली तर संध्याकाळी तो माझ्या उशाशी बसेल, आणि रात्री क्लबात. म्हणून अर्ज मागे घेत नाही.

मी गेल्याचं त्याला लगेच कळवावं. तेव्हा त्याला दोन्ही दारं मोकळी असतील. त्याने आधी इकडे यावं, अशी माझी इच्छा आहे. वकील म्हणाले, ही इच्छा कायद्याने कोणावर बांधता येत नाही. तरी लिहा म्हटलं.

हे मला वाचून दाखवलं, समजलं, पटलं. म्हणून दोघांसमक्ष सही करते.

(सही) दुकानाची मालकीण

साक्षीदार:
१. (सही) उपचार करणारे डॉक्टर
२. (सही) क्लबचा चौकीदार

ठिकाण: दुकानावरची खोली
तारीख: डॉक्टरांनी सहीखाली घातली तीच