बेचाळिसावी आमरी

११ मे, रविवार. दवाखाना.
डाव्या पायाचं हाड मोडलं. पण त्याआधी इतिहास घडला, तो आधी लिहितो.
सकाळी दहा. गगनबावड्याच्या अलीकडं रस्त्याकडेच्या आंब्यावर आमरी दिसली. आमरी म्हणजे ऑर्किड. झाडावर राहते, झाडाला खात नाही. लोक बांडगूळ म्हणतात, लोकांना काय कळतंय! पानांवर पांढरेशुभ्र ठिपके. एकोणीस मोजले. माझ्या थिसिसमध्ये जिल्ह्यातल्या एक्केचाळीस आमऱ्या आहेत, एकीलाही असले ठिपके नाहीत. म्हणजे ही जगाला नवीन.
चढलो. रोप काढलं. पडलो. बऱ्याच उंचीवरून. म्हणजे बुंध्याला तांबडा-पांढरा पट्टा मारलेला असतो, त्याच्या जरा वरून. पण खाली जमीन कडक होती.
शेजारची टपरीवाली पाणी घेऊन आली. म्हणाली, पावणं, तो चुना हाय, परवाच झाडं रंगवल्यात की. मी कळवळत होतो, म्हणून तिला शास्त्र समजावलं नाही.

१२ मे
घरी. राजारामपुरी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खालच्या किराणा दुकानाचे हंबीरराव आणि त्यांच्या तालमीतले तिघे यांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौपन्न पायऱ्या चढवल्या. माझं मन भरून आलं. दुसऱ्या मजल्यावर सांगून टाकलं, नवीन प्रजातीला तुमचं नाव देतो. हंबीररावांनी खुर्ची खाली ठेवली, डोळे पुसले, परत उचलली.
सहा आठवडे प्लास्टर. ठरवलं: रोज प्राणायाम. थिसिसवर शेवटचा हात. बायकोवर, म्हणजे दीप्तीवर, चिडायचं नाही.

१३ मे
चिडलो. पण चूक तिची होती. आमरी बाल्कनीत टांगायची सोडून कपडे वाळत घालत होती.

२० मे
वर्षाराणी मॅडमचा फोन. माझ्या गाइड. तीस जूनला रिटायर होतायत. म्हणाल्या, प्रसेनजीत, नऊ वर्षं झाली, एक्केचाळीस पुरेत. तीस तारखेला चारच्या आत स्वतः येऊन जमा करा, त्यानंतर मी नाही आणि मुदतवाढही नाही.
थिसिस तयार आहे हे त्यांना कुणी सांगितलं? दीप्तीनं. घरभेदी!
मी म्हटलं, बेचाळिसावी घालूनच देणार. त्या म्हणाल्या, फुलाचा ओठ आणि आतले परागपुंज बघितल्याशिवाय आमरीचं नाव ठरत नसतं, पानावरून बारसं करू नका. बाई रिटायर व्हायला आल्या की सावध होतात. फुलावरून कुणीही ओळखेल. पानावरून ओळखायला साधना लागते.

२९ मे
चौकात फ्लेक्स लागला. खाटेवरून सरळ दिसतो. ‘राजारामपुरीचं नाव आता वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात!’ हंबीरराव गॉगल घालून, पूर्ण उंचीचे. मी पासपोर्ट साइज. आमरीचा फोटो मिळाला नाही म्हणून गुलाब टाकलाय.
मी हो म्हटलं नव्हतं. नाही पण म्हटलं नव्हतं. संध्याकाळी पेठ वडगावहून त्यांचे पावणे टेम्पो भरून फ्लेक्स बघायला आले.

२ जून
खाट, बाल्कनी, फ्लेक्स. संपलं जग. प्लास्टरच्या आत खाज सुटते, बोट पोचत नाही. दीप्ती शाळेत गणित शिकवते, तिनं तिची फूटपट्टी दिली. आत घालून खाजवलं. आहाहा! आयुष्यात आता एवढंच सुख उरलंय. प्राणायाम सोमवारपासून. आज सोमवारच आहे, म्हणजे पुढच्या.

७ जून
कळ्यांचा दांडा फुटला! मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, थिसिस छापून घेतला का? माणसाला कौतुक करता आलं पाहिजे.

१५ जून
घात झाला. मी झोपलो असताना दीप्तीनं ओल्या फडक्यानं आमरीची पानं पुसली. धूळ बसली होती म्हणे. मी आजवर पाणी फक्त मुळांना देत होतो. एकोणीसपैकी सतरा ठिपके गेले. फडकं पांढरं.
मी ओरडलो, तू माझी प्रजाती पुसलीस! ती म्हणाली, मग ह्या फडक्याला द्या हंबीररावांचं नाव.
नोंद: ठिपके ओलाव्यानं नाहीसे होतात. हे तर आणखी दुर्मिळ लक्षण. जोडायला हवं.

२६ जून
प्लास्टर निघालं. दवाखान्यात नेताना हंबीररावांनी फ्लेक्सखाली खुर्ची थांबवून फोटो काढला. म्हणाले, सर, फूल कवा? आमची आई रोज इचारती.
डॉक्टर म्हणाला, बिनधास्त चाला. मी विचारलं, आणखी दोन आठवडे प्लास्टर ठेवता येईल का? तो हसला. फारच तरुण डॉक्टर आहे.

३० जून, सकाळी ७
फुललं.
लांब झुकलेला तुरा. पांढरी फुलं, जांभळे शिंतोडे, जांभळा ओठ. सुंदर आहे. दूध घालायला आलेली बायडाबाई दारातूनच म्हणाली, आगं बया, सीतेची वेणी! आमच्या आंब्यावर ढीगभर हाय की.
थिसिस उघडला. पान चार. नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिलंय: ‘सीतेची वेणी. जिल्ह्यात सर्वत्र आढळते. नवशिक्यालाही ओळखता येते.’ यादीत क्रमांक एक.

दुपारी २
दीप्ती छापलेल्या प्रती घेऊन उभी. कधी छापल्या कुणास ठाऊक. खाली रिक्षा. म्हणाली, एक्केचाळीस तुमच्याच आहेत, पावसात भिजून शोधलेल्या आहेत, चला. हंबीररावांशी मी बोलते.
चौपन्न पायऱ्या. मग दुकान. बायडाबाईनं खाली फूल फुलल्याचं सांगितलंय, त्यामुळं हंबीरराव हार घेऊन दारात उभे. शेजारी त्यांची आई, नवं लुगडं नेसून. मग चौक. मला लाज वाटते. भयंकर लाज वाटते. एकदा लिहून ठेवलं, बास.
म्हटलं, पाय दुखतोय. दीप्तीनं पायाकडं बघितलं. मी उजवा धरला होता.

४.१०
रिक्षा गेली. मॅडमचे चार मिस्ड कॉल. दीप्ती प्रती कपाटात ठेवून आत जाऊन बसली.
शांतपणे पाहिलं तर या फुलाचा ओठ नेहमीपेक्षा जरा लांब वाटतोय. मोजायला पट्टी मागितली.
दीप्तीनं दिली नाही.