पाकळी डावीकडे पडली तो दिवस

आई, थोरलीचं लग्न ठरलंय. मुलगा केरीचा, समुद्राकडचा. काल दोघं मिळून साखळीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली, लग्नाआधीच, मूल कधी आणि तोवर काय वापरायचं हे विचारायला. संध्याकाळी चहात पाव बुडवत ती मला सगळं सांगत होती, जसं बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. तिच्या आईसारखंच तिचंही प्रेशर चढतं, म्हणून नेहमीच्या गोळ्या नकोत असं बाई म्हणाल्या. ती तांबी बसवून घेणार, मूल हवं झालं की काढणार, आणि बसवीपर्यंत निरोध. मुलाने म्हणे बाईंना विचारलं, "तिचं कळलं. आता मी काय करायचं ते सांगा." हे ऐकलं आणि तू आठवलीस.

धाकटीच्या बाळंतपणात हिला झटके आले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की तिसरं मूल हिच्या जिवावर बेतेल. नसबंदीचं ऑपरेशन दोघांपैकी कुणीही करून घ्यावं, पण पुरुषाचं सोपं आणि हिच्या तब्येतीला धोका नाही. मी तेव्हा पाळी गावच्या खाणीवर टिपर चालवत होतो. तिथला एक सोबती म्हणाला, "कर, कर. मगे टायर बदलूक आमकां हाक मार." ऑपरेशनने पुरुषाच्या अंगातला जोर जातो, असं त्याला म्हणायचं होतं. पाहुणे म्हणत होते, दोन मुलीच, एक मुलगा होऊ दे. मला काही सुचेना, म्हणून मी देवळात कौल लावला. हिचं ऑपरेशन करू का, एवढंच विचारलं. गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. डावीकडची पडली.

घरी आलो तर तू नारळ खवत बसली होतीस. देव नको म्हणाला, मी सांगितलं. तू हात न थांबवता म्हणालीस, "देव शाणो आसा. तिचां नको म्हणता, तर तू जा."

"माझं विचारतो मग परत."

"कित्याक? त्येका दुसरी कामां नाय काय? विचारूचां तर तिका विचार."

हिला विचारलं. ही धाकटीला पाजत होती. म्हणाली, "मला या दोघींना वाढवायचंय." बस, एवढंच.

माझ्या ऑपरेशनच्या दिवशी तू सोबत आलीस. मला वाटत होतं, झालं म्हणजे झालं. पण सगळा व्हरांडा माणसांनी भरलेला असताना तू डॉक्टरांना मोठ्याने विचारलंस, "आजपासून धोको नाय मू?" आहे, ते म्हणाले. आत राहिलेलं बीज संपायला वेळ लागतो; तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी, आणि ती स्वच्छ आली की मगच सोडायचा. लोक हसत होते, मी जमिनीकडे बघत होतो. तू मात्र समोरच्या माणसाला म्हणालीस, "तूय आयकान घे, कामाक येतलां."

पुढे रोज भाकरी वाढताना तुझी माझ्यावर एक नजर असायची, आणि तीन महिने सरताच, "साखळीक गेलंस?" तपासणी स्वच्छ आली त्या दिवशी तू देवापुढे नारळ ठेवलास. पुढे त्या सोबत्याचाच टायर फुटला तेव्हा तो मी बदलून दिला. नट आवळले आणि त्याच्याकडे बघून हसलो.

ही आता गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते, आणि ती कुरकुर ऐकायला मला बरं वाटतं. काल पोरीला हे सगळं पहिल्यांदाच सांगितलं. ती म्हणाली, "आजी भारीच होती."

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. तू नको म्हणाली होतीस तरी दुसऱ्या दिवशी मी परत देवळात गेलो होतो. विचारलं काहीच नाही. देवा, अशी आई दिलीस, एवढं म्हणून हात जोडले आणि आलो. तेव्हा तुला सांगितलं नाही. म्हणाली असतीस, त्येका दुसरी कामां नाय काय.