गाण्यातली आई

प्रिय मावशी,

काल फोनवर 'मी तुझी कोण लागते गं? सावत्र आईला कोण सांभाळतं जन्मभर?' असं म्हणून हसलीस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून दिलास. बाबा गेल्यापासून मी तुझ्या मागे लागलेय, इकडे राहायला ये म्हणून, आणि तू दर वेळी अशी निसटतेस. फोनवर तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, म्हणून लिहितेय.

तुझा जुना रेडिओ जावईबापूंनी खटपट करून सुरू केला बरं का. आणि लागावं काय? आपलं जुनं हिंदी सिनेमातलं गाणं! ओळीच्या शेवटी तो शब्द आला आणि माझी लेक ओरडली, 'अगं, ती बाई आईला हाक मारतेय!' मला हसू आलं आणि रडूही.

तू घरात आलीस तेव्हा मी एवढीशी होते. आई जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि हिंदीचा मला गंध नव्हता. तू शिलाईला बसलीस की शेजारी रेडिओ. रात असो, याद असो, बहार असो, गाणारीची ओळ संपायची ती 'आई'वर. मला वाटायचं, बापरे, सिनेमातल्या सगळ्यांचीच आई गेलीय! नटूनथटून बागेत हिंडणारी हिरॉईनसुद्धा आईसाठीच व्याकूळ. केवढा धीर यायचा मला. वर्गात बिनआईची मी एकटीच होते, सिनेमात मात्र आख्खी पलटण होती.

बाबा एकदा समजवायला गेले, अगं, हिंदीत आई म्हणजे 'आली'. तू असे डोळे वटारलेस की ते गपचूप चहा टाकायला उठले. पुढे असं गाणं लागलं की तू मशीन थांबवायचीस. बाही अर्धी लागलेली असायची, गिऱ्हाईक दारात खोळंबलेलं असायचं, तरी थांबायचीस. का, तर मला तो शब्द नीट ऐकू यावा. तोही दुसऱ्या बाईच्या आठवणीसाठी! मला तू कधी म्हणाली नाहीस की मलाही तशी हाक मार. मी मावशी म्हटलं, तू ओ दिलीस.

शाळेत हिंदी सुरू झालं आणि बिंग फुटलं. पोरी खो खो हसल्या. मी घरी येऊन दप्तर आपटलं, तुला खोटारडी म्हणाले. तू दातांनी दोरा तोडलास आणि म्हणालीस, त्यात खोटं काय? गाणं लागलं की तुझ्याजवळ यायची ना ती? मग आलीच की.

परवा लेकीला अर्थ सांगायला बसले आणि सांगता सांगता माझीच ट्यूब पेटली. जी गेली ती माझी आई होतीच गं. पण जी एक पत्र्याची पेटी, मशीन आणि रेडिओ घेऊन आली, तिचं काय? कोण लागतेस विचारत होतीस ना? खिडकीपाशी तुझ्या मशीनची जागा रिकामी केलीय. रविवारी आम्ही गाडी घेऊन येतोय, नखरे चालणार नाहीत. आणि इथे तू दारात पाय ठेवलास की मी घरभर ओरडून सांगणार आहे, 'आई!' हिंदीत की मराठीत, ते तुझं तू समजून घे.

तुझीच,
टिटवी