किहीमच्या खोल्यांचा एकच दर

२ डिसेंबर, सोमवार
घोर अन्याय! या घरात रेंज येते ती फक्त माझ्या वेताच्या खुर्चीत, आणि तिथे सकाळपासून पुतणी भार्गवी ठाण मांडून आहे. स्पर्धा कायद्यावर पीएच.डी. करते — धंदेवाल्यांनी संगनमताने भाव ठरवू नयेत, बड्यांनी छोट्यांना चिरडू नये, तो कायदा. आणि स्वतः? "बाई, हा प्रबळ स्थानाचा गैरवापर!" म्हटलं.
"शब्द अचूक, काका. आता चहा आणा."

३ डिसेंबर
भलतंच मजेदार प्रकरण आहे हे! कोण कशावर संशोधन करतंय ते मोजायला पोरीने चारशे निबंध वाचलेत. पूर्वी सगळे सिमेंट-पोलादाच्या मागे. आता झुंड वळली ॲप आणि डेटाकडे.
"आणि गावातलं साटंलोटं?"
"चारच निबंध. पुरावा हाती लागत नाही ना! एक खरं उदाहरण मिळालं तर माझा निबंध उभा राहील. शनिवारपर्यंत पाठवायचाय."
मी आणतो! वीस वर्षं लोकांची उणीदुणी काढून सदर चालवलंय, एक कट नाही सापडणार?

४ डिसेंबर
तिठ्यावर हिरामण रिक्षावाल्याला धरलं. "काय रे, सगळे एकच भाडं कसं सांगता?"
"तुम्ही खोल्यावाले सांगता तसंच, अण्णा!"
सगळा स्टँड हसला. मीही. हसत हसत घरापर्यंत आलो — आणि फाटकाशी हसू थांबलं.
सापडला! आमचाच खोल्यावाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप! शनिवारी तीन हजारांखाली खोली द्यायची नाही. पुतळाबाई दोन हजारांत देतात म्हणून त्यांना काढलं. कोणी त्यांचं घर विचारलं तर 'बंद आहे' सांगायचं. ठरावाचा मसुदा माझा. यमकासकट!

५ डिसेंबर
भार्गवीला तीन वर्षांचे संदेश दिले. खुर्चीतून उडालीच! "काका, सोनं आहे हे!" यमकाशी पोचली आणि माझ्याकडे वळली.
"नावं बदलते मी."
"बाकीच्यांची बदल. माझं राहू दे."

७ डिसेंबर, शनिवार
निबंध गेला. खुर्ची परत मिळाली. बसवेना.
दिवाळीत पाहुणे जास्त झाले तेव्हा दोन गाद्या मागून आणल्या होत्या — पुतळाबाईंकडूनच! आज त्या परत द्यायला हिरामणच्या रिक्षातून घेऊन गेलो.
"ठेवा की भाऊ तुमच्याकडंच. हितं झोपायला हाय कोन?"
गाद्या घेऊन परत.
दुपारी मुंबईचं एक कुटुंब आलं. माझ्या दोन्ही खोल्या रिकाम्या. जागा नाही म्हटलं, आणि पुतळाबाईंच्या दारापर्यंत सोडून आलो. गाद्या त्या पाहुण्यांच्याच गाडीच्या टपावर.